युकुलेले: कॉर्ड बदलताना नेमके काय बदलते

युकुलेले घरात आले की आठवड्याभरात एक तक्ता हाती पडतो. चार उभ्या रेघा, चार-पाच आडव्या, त्यांवर काळे ठिपके. असे पंधरा-वीस चौकोन एकाच पानावर. नवशिका तो पाठ करायला बसतो. सी झाली, एफ झाली, जी झाली, आता डी मायनर. महिन्याभरात आठ-दहा कॉर्ड्स येतातही. पण गाणे सुरू केले की एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना हात हवेत अडकतो, ठेका तुटतो, गाणारा थांबून वाट बघतो, आणि काही दिवसांनी वाद्य कपाटाच्या वरच्या खणात जाते.

यात बोटांचा दोष थोडा, तक्त्याचा जास्त. तक्ता प्रत्येक कॉर्ड सुटी दाखवतो. वाजवताना कॉर्ड कधीच सुटी येत नाही. ती कुठल्या तरी कॉर्डमधून निघते आणि कुठल्या तरी कॉर्डकडे जाते. या ये-जा करण्यात बहुतेक वेळा चारपैकी एक-दोन तारांचाच स्वर बदलतो, बाकीच्या आहेत तिथेच राहतात. कोणती तार हलली आणि कोणती थांबली एवढे कळू लागले की पंधरा चौकोन घोकावे लागत नाहीत. सुरुवातीला पाच कॉर्ड्स पुष्कळ होतात. ज्यांनी कधी पेटीवर सारेगम काढले आहे त्यांना हे लवकर उमगते, म्हणून पुढे मी सी-डी-ई आणि सा-रे-ग या दोन्ही भाषा वापरणार आहे.

आधी तारा

छातीशी धरलेल्या युकुलेलेच्या तारा वरून, म्हणजे तुमच्या हनुवटीकडून, मोजल्या तर जी, सी, ई, ए अशा लागतात. सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर या तिन्ही आकारांत हेच. बॅरिटोनची जुळणी वेगळी असते. या लेखातले आकडे तिला लागू पडणार नाहीत. पेटीवर हे सूर म्हणजे पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा. पांढरी एकला सा मानला की मोकळ्या तारा बोलतात प, सा, ग, ध. चारही स्वर भूपातले, रे तेवढा राहिला. काहीही न दाबता नुसता हात फिरवला तरी युकुलेले गोड का वाटते, ते यावरून लक्षात येईल.

सगळ्यात वरची जीची तार गिटारच्या वरच्या तारेसारखी खर्जातली नसते. ती शेजारच्या सीपेक्षा उंच लागते. सर्वांत खालचा सूर सीच्या तारेचा, सर्वांत वरचा एच्या तारेचा. म्हणजे चारही मोकळ्या तारा सा ते ध एवढ्याच जागेत मावतात. गिटार वाजवणाऱ्यांना हे सुरुवातीला तोकडे वाटते. कॉर्ड्सचे नाते समजून घ्यायला मात्र यासारखी सोय नाही: स्वर इतके जवळजवळ असल्यामुळे कॉर्ड बदलताना ते लांब उडी मारत नाहीत, शेजारच्या सुरावर सरकतात आणि ते सरकणे कानाला स्पष्ट ऐकू येते.

या वाद्याचा जन्म हवाई बेटांवरचा. १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरून उसाच्या मळ्यांत कामासाठी माणसे होनोलुलूला आली, त्यांच्याबरोबर मशेत नावाचे छोटे तंतुवाद्य आले, आणि त्यांच्यातल्याच मानुएल नुनेस, औगुस्तो दियास अशा सुतारकाम जाणणाऱ्यांनी पुढे तिथे युकुलेले घडवले. हवाईतल्या साथीची एक पक्की लकब आहे, तिच्याकडे शेवटी येऊ.

प्रत्येक फ्रेट म्हणजे पेटीवरची, काळी-पांढरी दोन्ही धरून, पुढची एक पट्टी. कॉर्ड लिहिताना मी वरच्या तारेपासून चार आकडे देईन. शून्य म्हणजे मोकळी तार. एफ कॉर्ड २-०-१-० अशी. ते साल नव्हे.

एकाआड एक

बिलावलचे सात शुद्ध स्वर घ्या. कुठल्याही स्वरापासून सुरुवात करून एक सोडून एक असे तीन उचला, की कॉर्ड तयार. सा-ग-प ही सी. म-ध-सा ही एफ. प-नी-रे ही जी. या तिन्हींत पहिल्या स्वरापासून दुसरा चार पट्ट्यांवर आहे, म्हणून त्या मेजर, खुल्या वाटणाऱ्या. रे-म-ध ही डी मायनर, ग-प-नी ही ई मायनर आणि ध-सा-ग ही ए मायनर. यांत पहिले अंतर तीनच पट्ट्यांचे, म्हणून आवाजाला थोडी सावली. उरलेली नी-रे-म जरा विचित्र ऐकू येते. तिला सध्या बाजूला ठेवा, ती दुसऱ्या वेषात परत येणार आहे.

मेजर आणि मायनरमधला हा एका पट्टीचा फरक कानाने पटवून घ्या. ए मायनर म्हणजे २-०-०-०: मधले बोट वरच्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, बाकी सगळे मोकळे. ती वाजवा. आता तर्जनी सीच्या तारेवर पहिल्या फ्रेटला टेकवा, २-१-०-०. ही ए मेजर. एकच तार, एकच फ्रेट, आणि खोलीत दिवा लागल्यासारखा फरक. दोन्ही आलटून पालटून दहा-बारा वेळा वाजवली की मेजर-मायनर हे शब्द पुन्हा कुणाला विचारावे लागणार नाहीत.

शास्त्रीय संगीत शिकलेल्यांचा इथे हमखास एक गोंधळ होतो. एफ कॉर्ड वाजली की त्यांना वाटते, आता सा एफवर गेला. नाही. गाण्याचा सा पांढरी एकवरच आहे. एफ वाजते तेव्हा त्याच साच्या सोबतीला म आणि ध येऊन बसतात, एवढेच. गाणाऱ्याचा षड्ज गाणे संपेपर्यंत हलत नाही. त्याच्या खालची माणसे बदलत राहतात.

पाच कॉर्ड्सची साखळी

आता युकुलेले हातात घ्या. सी म्हणजे ०-०-०-३: अनामिका सर्वांत खालच्या तारेवर, तिसऱ्या फ्रेटला. स्वर वरून प, सा, ग, सा.

अनामिका उचला आणि मधले बोट वरच्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला ठेवा. ए मायनर झाली, २-०-०-०. मधल्या दोन्ही तारांना, सा आणि ग यांना, कोणी हातही लावला नाही. नावे वेगळी, मेजर-मायनर अशी जात वेगळी, तरी तीनपैकी दोन स्वर दोघींत समान. फक्त पचा ध झाला.

मधले बोट तिथेच राहू द्या. तर्जनी ईच्या तारेवर पहिल्या फ्रेटला टेकवा. २-०-१-०, एफ. यात गचा म झाला, बाकी काही नाही. एफ अवघड असते असे गिटारवाल्यांकडून ऐकलेले असेल, तर ते इथे विसरायला हरकत नाही.

दोन्ही बोटे तशीच ठेवून अनामिका सीच्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. २-२-१-०, डी मायनर. साचा रे झाला. ए मायनरपासून इथपर्यंत एकही बोट उचलावे लागलेले नाही, एकेक वाढत गेले. तक्त्यावर या कॉर्ड्स चार कोपऱ्यांत विखुरलेल्या असतात. हाताखाली त्या एकीतून एक निघतात.

पाचवी जी सेव्हन, ०-२-१-२. तर्जनी ईच्या तारेवर आहे तिथेच. मधले बोट वरच्या तारेवरून सीच्या तारेवर येते, अनामिका सीच्या तारेवरून खालच्या एच्या तारेवर, दोन्ही दुसऱ्याच फ्रेटला. स्वर प, रे, म, नी. मघाशी बाजूला ठेवलेली नी-रे-म आठवते? तिच्या शेजारी प येऊन बसला की जी सेव्हन. डी मायनरमधले रे आणि म जागच्या जागी वाजत राहिले आणि दोन ध होते ते फुटून एक खाली पवर, एक वर नीवर गेला.

इथून परत सीवर जायचे, आणि या एका बदलावर वेळ घालवण्यासारखा आहे. जी सेव्हन वाजवून थांबा. काही करू नका. पानावर बसवून वाढायला कोणी येऊ नये तसे वाटते. आता सी वाजवा. मोकळे वाटले ना? का, ते तारांवर दिसते. वरची तार प, ती दोन्ही कॉर्ड्समध्ये तीच. ईच्या तारेवर म होता, तो एक फ्रेट उतरून ग झाला. एच्या तारेवर नी होता, तो एक फ्रेट चढून सा झाला. नीला साकडे जायची किती घाई असते हे तानपुऱ्यासमोर बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे. मध्यमाला गकडे उतरायचे असते. दोघांची ओढ एकाच वेळी, एकमेकांच्या उलट दिशेने. साध्या जीमध्ये, म्हणजे ०-२-३-२ मध्ये, हा म नसतो, त्या जागी दुसरा प असतो. म्हणून तिची सीकडे परतण्याची ओढ जरा सौम्य. नवशिक्याने आधी जी सेव्हन शिकावी असे मला वाटते. ती बोटांनाही सोपी.

हाताला मिळणारी मदत बघा. जी सेव्हनमध्ये अनामिका एच्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, सीमध्ये तीच अनामिका त्याच तारेवर तिसऱ्या फ्रेटला. बोट उचलूच नका. दाब हलका करा, तारेला स्पर्श ठेवून एक फ्रेट पुढे घसरवा, बाकीची दोन बोटे सोडून द्या. अंधारातही चुकणार नाही.

सी, ए मायनर, एफ, जी सेव्हन हा क्रम डी मायनर गाळून वाजवला की अनेक जुन्या इंग्रजी गाण्यांची चाल ओळखीची वाटू लागेल. एफवरून थेट जी सेव्हनवर जाताना तर्जनी पुन्हा स्थिर, कारण म दोन्हींत आहे. नवी कॉर्ड शिकताना दर वेळी स्वतःला हा प्रश्न विचारायचा: आधीच्या कॉर्डमधले कुठले बोट राहू शकते? कुठलेच राहत नसेल तर कुठले त्याच तारेवर सरकू शकते?

सम आणि मोकळ्या तारा

केरवा म्हणून आठ मात्रा मोजा आणि प्रत्येक मात्रेला हात वरून खाली फिरवा. कॉर्ड समेवर बदलायची. सगळे समेवर बदलायला जातात आणि उशीर होतो, म्हणून बोटे आठव्या मात्रेच्या उत्तरार्धातच सोडा. त्या क्षणी उजवा हात चालू राहील आणि मोकळ्या तारा वाजतील. वाजू द्या. प, सा, ग, ध हे स्वर आपल्या पट्टीतलेच आहेत, कुणाला खटकत नाही. पुष्कळ सराईत वादक हेच करतात. उजवा हात थांबवणे ही मात्र खरी चूक. डावा हात चुकला तर एक मात्रा बिघडते, उजवा थांबला तर गाणे पडते.

बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीवर ठेवू नका, तिच्या किंचित मागे, टोकाने दाबा. तार खरखरली तर बहुतेक वेळा बोट फार मागे पडलेले असते किंवा शेजारच्या बोटाचे पोट तारेला लागत असते. नव्या नायलॉनच्या तारा कित्येक दिवस ताणत राहतात आणि उतरत राहतात, तेव्हा दर वेळी वाजवण्याआधी ट्यूनर लावा. बेसूर तारांवर कॉर्डचे नाते ऐकू येणार नाही, मग वरची सगळी मेहनत फुकट.

चालीखाली कॉर्ड कशी शोधायची

कॉर्ड्स लिहिलेला कागद नसेल तर काय? ओळ गुणगुणा आणि ती कुठे विसावते ते पकडा. सा, ग किंवा प वर थांबली तर सी लावून बघा. म किंवा ध वर थांबली तर एफ, रे किंवा नीवर तर जी सेव्हन. एवढ्यावर बरीच साधी गाणी निभतात. मग रंग भरायचा. साला सी चालते, एफ चालते, ए मायनरही चालते, कारण तो तिघींत आहे. कुठली निवडायची ते तुमच्या कानावर.

वाढदिवसाला सगळीकडे म्हटले जाणारे ते इंग्रजी गाणे घ्या. पवरून उठते, तीन-तीन मात्रांत चालते, म्हणून हात दादऱ्यासारखा फिरवा. पहिली ओळ नीवर थांबते: सीने सुरू करून तिथे जी सेव्हन. दुसरी सावर थांबते: जी सेव्हनवरून परत सी. तिसरी वरच्या पपर्यंत चढून उत्सवमूर्तीच्या नावावर ध वर उतरते, तिथे एफ. चौथी म वरून निघते, सी आणि जी सेव्हनला पटकन शिवते आणि सावर संपते. सगळे मिळून तीन कॉर्ड्स. तिसऱ्या ओळीत एफ येण्याच्या जरा आधी ०-०-०-१ वाजवून बघा, म्हणजे सी सेव्हन. तिच्यात कोमल नी आहे, आणि तो एफमधल्या ध वर एक फ्रेट उतरतो. मघाचा जी सेव्हन ते सी हाच खेळ, एक पायरी सरकून.

आपल्या भावगीतांना आणि चित्रपटगीतांना हे सहसा जमते. अभंग, नाट्यपद, रागाला धरून असलेली चाल असेल तर दर चार मात्रांना कॉर्ड बदलण्याचा आग्रह धरू नका. मींडेखाली कॉर्ड घातली की मींड मरते. तिथे ०-०-३-३ धरा. स्वर प, सा, प, सा. ग नाही, म्हणून ना मेजर ना मायनर, कोमल ग लागला काय आणि शुद्ध लागला काय, दोन्हींना जागा. सावकाश एकेक तार छेडत राहिलात तर तानपुऱ्याचे काम बऱ्यापैकी होते. युकुलेलेवरच्या पुस्तकांत हे सहसा सापडत नाही, आणि मराठी घरात याचाच उपयोग सर्वांत जास्त होईल.

गाणाऱ्याची पट्टी

सगळे पांढरी एकमध्ये गात नाहीत. तीन मुख्य कॉर्ड्स साच्या, मच्या आणि पच्या, हे ध्यानात ठेवले की पट्टी बदलणे म्हणजे नावे बदलणे. पांढरी एकला सी, एफ, जी सेव्हन. पांढरी पाचला जी, सी, डी सेव्हन. पांढरी दोनला डी, जी, ए सेव्हन. पांढरी सहाला ए, डी, ई सेव्हन. पांढरी चारला एफ, बी फ्लॅट, सी सेव्हन लागतात, आणि ३-२-१-१ ही बी फ्लॅट तर्जनी आडवी घालायला लावते, म्हणून पहिले काही महिने त्या पट्टीतले गाणे पांढरी पाचमध्ये म्हणवून घ्या. काळ्या पट्ट्यांसाठी कॅपो. पहिल्या फ्रेटला कॅपो लावून सीचे आकार धरले की काळी एक, जीचे धरले की काळी चार, एचे धरले की काळी पाच. बोटे तीच, नाते तेच.

आणि हवाईची ती लकब

हुलाच्या गाण्यांत दोन कडव्यांच्या मध्ये साथीला तीन कॉर्ड्सची एक छोटी फिरकी वाजते: डी सेव्हन, जी सेव्हन, सी. पट्टी बदलली तरी चाल हीच. आतापर्यंत शिकलेले सगळे तिच्यात एकत्र दिसते. एफ धरा आणि तर्जनी त्याच तारेवर एक फ्रेट पुढे न्या, २-०-२-०. ही हवाईत वाजते ती डी सेव्हन. दोन मात्रा. मग जी सेव्हन, दोन मात्रा. मग सी, चार मात्रा.

आता तिन्ही कॉर्ड्समध्ये फक्त ईची तार छेडा: दुसरा फ्रेट, पहिला फ्रेट, मोकळी. तीव्र म, शुद्ध म, ग. मग फक्त एची तार: मोकळी, दुसरा फ्रेट, तिसरा. ध, नी, सा. एक उतरत येते, दुसरी चढत जाते आणि दोघी सीमध्ये भेटतात. पुन्हा चारही तारा एकत्र वाजवा, या दोन ओळी त्यात वेगळ्या ऐकू येईपर्यंत.

चिकित्सक वाचक म्हणेल, २-०-२-० मध्ये डी, म्हणजे रे, कुठे आहे? नाहीच. पुस्तकी डी सेव्हन २-२-२-३ आहे, तिच्यात रे आहे. पण तिच्यात एची तार तिसऱ्या फ्रेटवरून सुरू होते, म्हणजे सावरून नीवर उतरून पुन्हा सावर, आणि ध-नी-सा ही चढण हातची जाते. मी या ठिकाणी रे सोडतो.